'दुसरे काही करणे शक्यच नव्हते'

मित्रहो,

आज ज्या वाक्याविषयी मी बोलणार आहे, ते आपण कलावंतांच्या मुलाखतींत अनेकदा ऐकलेले आहे. 'मला दुसरे काही करता आलेच नसते.' चित्रकार हे म्हणतो, गायिका म्हणते, लेखक आणि नट म्हणतात. आणि बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच लक्षात येते की तो हे मनापासून बोलत आहे. ही भावना मी खरी मानतो, तिच्याविषयी मला आदरही आहे. मात्र ती नेमकी कशाविषयी आहे, हे फारसे कोणी तपासत नाही, आणि त्यामुळे तरुण मुलामुलींचे जे नुकसान होते ते पाहून मन अस्वस्थ होते. या एका वाक्यात दोन वेगळी विधाने मिसळून गेलेली असतात. 'हे काम केल्यावाचून मला राहवत नाही' हे एक, आणि 'माझे पोट याच कामावर भरले पाहिजे' हे दुसरे. पहिल्या विधानातून दुसरे आपोआप निघते असे आपण धरून चालतो. ते तसे निघत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

या गल्लतीचे मूळ शोधताना एका प्रसिद्ध पत्रव्यवहाराकडे जावे लागते. लष्करी अकादमीत शिकणाऱ्या फ्रान्झ कापुस नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने आपल्या कविता राइनर मारिया रिल्के या कवीकडे पाठवल्या, आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये पॅरिसहून त्याला उत्तर आले. त्या उत्तराचा आशय जगभर पोचला आहे: रात्रीच्या अगदी शांत वेळी स्वतःला विचार, मला लिहिलेच पाहिजे का? उत्तर 'होय' असेल, तर सगळे आयुष्य त्या गरजेभोवती उभे कर. तेव्हापासून हा प्रश्न कलेच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येकासाठी प्रवेशपरीक्षा होऊन बसला आहे. परंतु हा पत्रव्यवहार पुढे पाच वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यातले दहावे, शेवटचे पत्र १९०८ च्या नाताळातले आहे. तोवर कापुस लष्करी अधिकारी झाला होता आणि एका दूरच्या ठाण्यावर राहत होता. रिल्केने त्याची कीव केलेली नाही. त्याच्या वाट्याला आलेले ते स्थिर, ठरलेल्या कर्तव्याचे आयुष्य पाहून आनंदच वाटतो, असे त्याने लिहिले. उलट, कलेच्या जवळ असल्याचा आव आणणाऱ्या अर्धवट कलाव्यवसायांपासून दूर राहिलास हे बरे झाले, असेही सुचवले. पहिले पत्र सर्वांना पाठ असते. दहावे फार थोड्यांना आठवते. तेही तितकेच वाचले गेले असते, तर 'आयुष्य उभे कर' याचा अर्थ 'नोकरी सोड' असा आपण इतक्या सहजपणे घेतला नसता, असे मला वाटते.

प्रागमधला लेखक फ्रान्झ काफ्का याचे उदाहरण या दृष्टीने मला सर्वांत बोलके वाटते. मी म्हणजे साहित्याशिवाय दुसरे काहीच नाही आणि दुसरे काही होण्याची माझी इच्छाही नाही, अशा आशयाचे त्याने १९१३ मध्ये आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवले. याहून निःसंदिग्ध शब्दांत ही भावना क्वचितच कोणी व्यक्त केली असेल. आणि हाच माणूस १९०८ पासून १९२२ पर्यंत प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करत होता. आपला दिवस कसा जातो हे त्याने नोव्हेंबर १९१२ मध्ये फेलिस बाउअर या आपल्या मैत्रिणीला कळवले आहे. सकाळी आठपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत कचेरी, मग जेवण, संध्याकाळी साडेसातपर्यंत झोप, थोडा व्यायाम, तासभर फिरणे, घरच्यांबरोबर रात्रीचे जेवण, आणि साडेदहाला, पुष्कळदा साडेअकराला, लिहायला बसणे. एक, दोन, तीन वाजेपर्यंत, एकदा तर सकाळी सहापर्यंत. या नोकरीविषयी त्याने कमालीच्या त्राग्याने लिहिले, आणि तो त्रागा खराच होता. झोपेची ही ओढाताण त्याला सोसली नाही.

तरीही त्या कचेरीत तो काय करत होता, हेही पाहायला हवे. संस्थेच्या १९०९ च्या अहवालासाठी त्याने लाकूड रंधणाऱ्या यंत्रांविषयी एक टिपण लिहिले. त्या यंत्रांचा पाती बसवलेला दांडा चौकोनी असे आणि तो फिरताना मेज व दांडा यांच्यात मोठी फट राही. लाकूड उसळले आणि हात घसरला की बोटे त्या फटीत जात आणि तुटत. दांडा गोल असला तर फट अरुंद होते आणि घसरलेल्या हाताला फार तर खरचटते, हे काफ्काने आकृत्यांसह समजावून दिले. ज्या माणसाला साहित्याशिवाय काहीही व्हायचे नव्हते, त्याच्या हातून दुसरे काम किती नेटके होत होते, याचा हा पुरावा आहे. त्याला दुसरे काही 'करता येत नव्हते' असे नाही. दुसऱ्या कशात त्याचा जीव नव्हता. या दोन गोष्टींतले अंतर मोठे आहे, आणि आपल्या वाक्यात नेमके तेच अंतर पुसले जाते.

आपल्या भाषेत तर याहून थेट उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना ओव्या त्यांच्या ओठी येत. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि आप्त यांनी त्या उतरून घेतल्या, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर पुढच्या वर्षी त्या पुस्तकरूपाने वाचकांपुढे आल्या. निर्मितीची इतकी अनावर निकड आणि 'करिअर' या कल्पनेचा लवलेशही नाही, हे तिथे एकत्र नांदते. अर्थात, त्यांना सवड आणि साधने मिळाली असती तर काय घडले असते, हा प्रश्न उरतोच. गरिबीचे आणि निरक्षरतेचे उदात्तीकरण मला करायचे नाही. निकड आणि व्यवसाय या दोन गोष्टी वेगवेगळ्या राहू शकतात, एवढेच यातून दिसते.

आता दुसरा मुद्दा. ही भावना जन्मजात असते, असे आपण मानतो. लहानपणीच तिने माणसाला गाठलेले असते आणि पुढचे आयुष्य म्हणजे तिची केवळ पूर्तता, अशी कथा सांगायला सोयीची असते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे चरित्र या कथेत बसत नाही. सोळाव्या वर्षी, १८६९ मध्ये, तो चित्रविक्रेत्यांच्या पेढीत लागला आणि १८७६ मध्ये तिथून बाहेर पडला. त्यानंतर इंग्लंडमध्ये शिक्षक झाला, मग पुस्तकांच्या दुकानात राहिला, धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची तयारी केली आणि ती सोडली, बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या प्रदेशात धर्मोपदेशक म्हणून गेला, तिथली नेमणूकही पुढे चालू राहिली नाही. १८८० च्या उन्हाळ्यात त्याने धाकटा भाऊ थिओ याला एक दीर्घ पत्र लिहिले. आळसामुळे रिकामा बसलेला माणूस आणि इच्छा असून काही करता न येणारा माणूस यांत फरक आहे, असे त्यात तो कळवळून सांगतो. पिंजऱ्यातल्या पाखराला वसंतात आतून जाणवते की आपल्या हातून काही व्हायचे आहे, ते नेमके काय हे मात्र त्याला आठवत नाही, असा दाखला तो देतो. त्याच वर्षी, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. पुढे त्याच्या हाती जेमतेम दहा वर्षे होती.

या पत्रात मला विशेष वाटते ते हे, की निकड आधीपासून आहे आणि तिला अजून नाव नाही. तिने शिक्षकीवर, धर्मावर हक्क सांगून पाहिला, आणि मगच ती चित्रांवर स्थिरावली. 'एकच मार्ग' मागे वळून पाहताना दिसतो. चालताना वाटा अनेक असतात आणि त्यांपैकी काही आपण सोडतो, काही आपल्याला सोडतात. शिवाय एकदा एका कामात वर्षे घातली की बाकीच्या वाटा हळूहळू बुजतात. तिशीत आलेली नर्तिका जेव्हा म्हणते की आता मला दुसरे काही येत नाही, तेव्हा ते बहुतेक वेळा अक्षरशः खरे असते, कारण घेतलेल्या मेहनतीनेच ते खरे केलेले असते.

जी निकड अशी घडत जाते, ती ओसरूही शकते. फ्रेंच कवी आर्थर रिम्बोने विशी ओलांडता ओलांडता कविता लिहिणे थांबवले आणि पुढे एडन व हरार येथे व्यापार केला. 'खरा कलावंत सोडून जाऊच शकत नाही' असे म्हणणाऱ्यांनी मग रिम्बोच्या कविता खोट्या होत्या असे म्हणावे लागेल, आणि ते कोणी म्हणणार नाही. ज्यांची ओढ मध्येच संपली, त्यांनी आपली सुरुवातीची तळमळ खोटी होती की काय या शंकेने स्वतःला छळू नये, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो आहे.

मग या 'शक्यच नव्हते'चा अर्थ काय? हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८२ च्या आपल्या निबंधात एका विशिष्ट प्रकारच्या अपरिहार्यतेचे वर्णन केले आहे. माणसाला एखादी गोष्ट टाळण्याची ताकद नसते असे नाही. ती टाळण्याची इच्छाच त्याला स्वतःला नको असते. ही अपरिहार्यता बाहेरून लादलेली नसते, माणूस ती आपल्या संमतीने जपत असतो, आणि म्हणूनच तिच्यात त्याला कोंडल्यासारखे न वाटता मोकळे वाटते. मला हे विवेचन पटते. आणि ते पटले, तर त्याचा एक कठोर परिणामही पत्करावा लागतो: जी गोष्ट आपण संमतीने जपतो, तिच्या किमतीची जबाबदारी आपल्याकडेच राहते. 'माझा इलाज नव्हता' असे घरच्या माणसांना सांगता येत नाही.

फ्रेंच चित्रकार पॉल गोगॅंचे उदाहरण याच संदर्भात पुन्हा पुन्हा दिले जाते. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये त्याचा आधार घेऊन विचारले, की कलेसाठी कुटुंब सोडणाऱ्याचे समर्थन त्याच्या यशावरच अवलंबून असेल, तर निर्णयाच्या घडीला त्याच्यापाशी कोणते समर्थन असते? इतिहासातला गोगॅं तर शेअर दलालीच्या व्यवसायात होता आणि १८८२ मध्ये पॅरिसचा बाजार कोसळला. त्याच्या 'एकमेव मार्गा'त त्या पडझडीचाही वाटा होता. त्याची पत्नी मेट पाच मुलांसह कोपनहेगनला राहिली आणि तिने फ्रेंच शिकवून, भाषांतरे करून घर चालवले. तिच्या दिवसांचा हिशेब कलेच्या इतिहासात फार थोड्या ओळींत मांडला जातो, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

किशोरवयीन संगीत विद्यार्थ्यांचा एक दीर्घ अभ्यास शोशाना डोब्रो या संशोधिकेने सहकाऱ्यासह केला. सुमारे ४५० जणांचा ११ वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांना लहान वयात संगीताची हाक अधिक तीव्रतेने जाणवत होती, ते आपली क्षमता इतरांपेक्षा मोठी आहे असे मानत आणि पुढे संगीताचा व्यवसाय धरण्याचा त्यांचा कल अधिक असे. प्रत्यक्ष क्षमतेचा त्याच्याशी तितका संबंध नव्हता. म्हणजे ओढीची तीव्रता पुढच्या यशाची ग्वाही देत नाही. हे ऐकायला जड जाते, पण आपण ज्यांच्या मुलाखती वाचतो ते सगळे पोचलेले लोक आहेत. तितक्याच तळमळीने निघालेल्या आणि न पोचलेल्या माणसाला 'तुम्हाला दुसरे काही करता आले असते का?' असे विचारायला कोणी जात नाही.

आणि शेवटी पैशाविषयी, कारण तिथे ही भावना सर्वांत महाग पडते. बंडरसन आणि थॉम्प्सन या संशोधकांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या प्राणीरक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षेत्र कलेचे नाही, मनोवृत्ती मात्र तीच आहे: आपण याचसाठी जन्मलो, असे मानणारी माणसे. त्यांना कामात खोल अर्थ सापडत होता. त्याच बळावर ती कमी पगार आणि गैरसोय सहन करत होती, आणि व्यवस्थापनाने आपल्या निष्ठेचा गैरफायदा घेण्याचा धोकाही त्यांना होता. कलेच्या क्षेत्रात हे रोज घडते. तालमींचे दिवस मानधनात धरलेले नसतात, चित्रात फुकट दुरुस्त्या करून मागितल्या जातात, लेखनाचे सर्व हक्क कायमचे लिहून घेतले जातात. कारण समोरच्याला ठाऊक असते की हा माणूस उठून जाणार नाही. ज्याने आपली दोन विधाने वेगळी करून ठेवली आहेत, त्याला इथे उठता येते. रंगवणे त्याला सोडवत नसेल. हे अमुक काम, या अमुक अटींवर, नाकारणे त्याला शक्य असते. निदान करारपत्र घरी नेऊन वाचायला दोन दिवस तरी त्याला मागून घेता येतात.