पहिलटकरणीच्या कळा

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मराठवाड्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि तिथून पुढे घरातले सगळेच दिवस मोजू लागतात. डिंक, खोबरे, खारीक, शेपा यांची जमवाजमव होते, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली जातात. परंतु कळा सुरू झाल्यावर किती वेळ वाट पाहायची, कोणत्या खुणा दिसताच निघायचे आणि बरोबर कोणी जायचे, याविषयीची बोलणी बहुतेक घरांत होतच नाहीत. या भागातल्या सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत मी गेली अनेक वर्षे काम करते आहे, आणि अडलेल्या पहिलटकरणीचे हाल या न झालेल्या बोलण्यांमुळे वाढतात, असे माझे ठाम मत आहे.

पहिले बाळंतपण लांबते, ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना पक्की ठाऊक होती. गर्भपिशवीचे तोंड याआधी कधी उघडलेले नसते, वाटेचे स्नायू घट्ट असतात आणि सुरुवातीच्या कळा अनियमित असतात. येतात, थांबतात, पुन्हा येतात. हा सुरुवातीचा काळ कोणाला काही तासांचा, तर कोणाला दीड दिवसाचाही असू शकतो. पिशवीचे तोंड पाच सेंटीमीटर उघडले की खऱ्या जोमाच्या कळा सुरू झाल्या असे आता मानले जाते, आणि तिथून पूर्ण दहा सेंटीमीटर उघडेपर्यंत पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतर जोर करून बाळ बाहेर येण्यास आणखी तीन तासांपर्यंत. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, अशी मोजपट्टी पूर्वी सर्वांना लावली जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केले की ही मोजपट्टी प्रत्येक बाईला लागू पडत नाही. म्हणून नुसता वेळ लागतो आहे एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र त्या लांबलेल्या वेळात आईची नाडी, रक्तदाब आणि बाळाचे ठोके कोणीतरी जाणते माणूस सतत पाहत असले पाहिजे, आणि हे घरच्या बाजेवर होऊ शकत नाही.

एका मुलीचे बाळंतपण मी आज तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने, नावगाव न सांगता, आपल्यासमोर मांडणार आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले तिचे माहेर. दिवस सोयाबीनच्या काढणीचे होते आणि आभाळ भरून आल्यामुळे वडील रात्रीच शेतात गंजी झाकायला गेले होते. झोपायच्या वेळेला कंबर धरली आणि थोड्या वेळाने कळा जाणवू लागल्या. आजीचे म्हणणे होते, "पहिली खेप हाय, वेळ लागतोच, सकाळचं सकाळी पाहू." आजीचे पहिले वाक्य खरे होते. परंतु गावातून डांबरी रस्त्याला यायला मध्ये ओढा आहे आणि रात्री पाऊस झाला तर तो उतरत नाही, हे आशाताईंना माहीत होते. त्यांनी आठव्या महिन्यातच त्या घरात बसून ठरवून घेतले होते की कळा दिवसा असोत की रात्री, पाऊसपाण्याच्या दिवसांत थांबायचे नाही. 102 वर फोन झाला आणि गाडी ओढ्यापर्यंत आली. पहाटे मुलगी आमच्याकडे दाखल झाली, तेव्हा पिशवीचे तोंड जेमतेम तीन सेंटीमीटर उघडले होते.

बाळाचे डोके खाली होते, परंतु तोंड आईच्या पोटाकडे आणि पाठ आईच्या पाठीकडे होती. सामान्यतः बाळाचे तोंड आईच्या पाठीकडे असते. ते उलट असले की कळ पोटापेक्षा कंबरेत अधिक येते, डोके खाली सरकायला वेळ घेते आणि बाई लवकर थकते. बहुतेक बाळे कळांच्या जोरावर आतल्या आत फिरून सरळ होतात, पण त्यासाठी आईच्या अंगात ताकद शिल्लक राहावी लागते. ही मुलगी आदल्या रात्रीपासून उपाशी होती, कारण कळा सुरू झाल्यावर पाणी पिऊ नये असे तिला कोणीतरी सांगितले होते. ओठ सुकले होते, जीभ कोरडी पडली होती. सिस्टरांनी तिला आधी घोट घोट पाणी दिले, मग साखर घातलेला चहा आणि थोडी पेज. ज्या बाईला ऑपरेशनचा धोका दिसत नाही, तिने कळांच्या काळात हलके खाणे-पिणे सुरू ठेवावे. उताणे पडून राहण्यापेक्षा चालावे, कुशीवर निजावे, कळ आली की खाटेला किंवा माणसाला धरून पुढे वाकून उभे राहावे.

त्या मुलीला धरायला तिची आई होती. प्रसूतिकक्षात बाईच्या पसंतीची एक स्त्री सोबत असावी, असे केंद्र शासनाचा 2017 चा 'लक्ष्य' कार्यक्रमही सांगतो, आणि ज्या बाईला अशी सतत सोबत मिळते तिच्या कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियनची शक्यताही घटते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. दारावर नातेवाइकांना हटकणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. ती माउली दिवसभर लेकीची कंबर मुठीने दाबत राहिली. कळ आली की दाबायची, ओसरली की पदराने घाम टिपायची. दुपारनंतर मुलगी रडू लागली. "मॅडम, मला होत नाही आता, पोट कापून काढा," असे ती हात जोडून म्हणत होती. अशा वेळी तिला गप्प बसवणे, तिच्यावर ओरडणे किंवा तिला आधीच्या कोणत्या गोष्टीवरून टोमणा मारणे हा गुन्हाच आहे असे मी मानते. मी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हटले, "घाबरू नको माय, सहा सेंटीमीटर झालंय, लेकराचे ठोके चांगले आहेत, मी इथंच आहे." नेमके कुठवर आलो आहोत हे कळले की बाईला पुढची कळ सोसता येते.

इथे एक गोष्ट थोडी आडवाटेची वाटली तरी सांगितलीच पाहिजे. अनेक गावांत कळा मंदावल्या की कोणीतरी ओळखीचा माणूस बोलावून 'कळांची सुई' देण्याची पद्धत अजून टिकून आहे. त्या सुईत ऑक्सिटोसिन असते. हेच औषध रुग्णालयात सलाईनमधून थेंबाथेंबाने, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले जाते. बाळ बाहेर येण्याआधी ते एकदम दंडात टोचले तर कळा एकावर एक येतात, दोन कळांमध्ये बाळाला मिळणारा श्वास तुटतो आणि क्वचित पिशवीही फाटते. त्याचप्रमाणे बाळ लवकर उतरावे म्हणून वरून पोट दाबणेही घातक आहे. या दोन्ही गोष्टींना घरातल्या मोठ्या माणसांनी ठामपणे नकार द्यावा.

रात्री नऊच्या सुमारास त्या मुलीची पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट आले. बाळाने आत शी केली की पाण्याला असा रंग येतो. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ बाळ संकटात आहे असा होत नाही, परंतु त्यानंतर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत. आम्ही दर पाच मिनिटांनी ते ऐकत होतो. तोंड पूर्ण उघडले होते, मुलगी जीव एकवटून जोर देत होती आणि डोके दिसू लागले होते. मात्र कळ ओसरल्यावरही ठोके नव्वदच्या वर येईनासे झाले. तेव्हा थांबणे शक्य नव्हते. मी तिला आणि तिच्या आईला दोन वाक्यांत सांगितले की बाळ दमले आहे, त्याला बाहेर यायला आपण हात द्यायचा आहे. जागा बधिर केली, थोडा छेद घेतला, बाळाच्या डोक्यावर व्हॅक्यूमची वाटी बसवली आणि तिच्या कळेबरोबरच सावकाश ओढले. तिसऱ्या कळेला बाळ आले.

ते रडले नाही. अंग ढिले, रंग निळसर. श्रोतेहो, त्या मिनिटात खोलीतले कोणीही बोलत नव्हते. सिस्टरांनी बाळाला कोरडे केले, पाठ चोळली आणि श्वास दिसत नाही म्हटल्यावर मिनिट पुरे होण्याआधीच तोंडा-नाकावर मास्क बसवून पिशवीने हवा द्यायला सुरुवात केली. छाती हलताना दिसली. आधी एक उचकी, मग बारीक कण्हल्यासारखा आवाज, आणि मग असे खणखणीत रडणे की बाहेर बाकावर बसलेले वडील उठून दारापर्यंत आले. मुलगी झाली होती, पावणेतीन किलोची. हे श्वास देणारे साधन हातात मावेल एवढे असते आणि ते वापरण्यास शिकलेली परिचारिका प्रत्येक प्रसूतीला हजर असणे, एवढ्यावर एखाद्या जिवाचे असणे-नसणे ठरते. घरी बाळंतपण करू नका असे आम्ही वारंवार सांगतो, त्यामागे हे मिनिट असते.

वार पडण्याच्या वेळीही तितकीच दक्षता लागते. बाळ बाहेर येताच आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. हीच ती सुई, योग्य वेळी दिलेली. त्यामुळे पिशवी आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे तिला थोडा अधिक स्रावही सोसत नाही, म्हणून गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांचा आम्ही एवढा आग्रह धरतो.

बाळ सावरल्यावर तासाच्या आत त्याला आईच्या छातीवर ठेवले. आजी दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत मधाची बाटली होती. मी त्यांना जवळ बसवून समजावले की पहिला पिवळसर चीक हाच बाळाचा मध आहे, रोगांशी लढायची ताकद त्यात असते, आणि सहा महिने बाळाला पाणीसुद्धा लागत नाही. त्यांनी ऐकले. व्हॅक्यूममुळे डोक्यावर आलेला फुगवटा पाहून त्या घाबरल्या होत्या. तोही दोन दिवसांत उतरला.

बाळंतपणाचा खर्च कसा पेलायचा या विचाराने उशीर करणारी घरे मी पाहिली आहेत. 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, तिथले जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळे मोफत आहे. दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना माझे विशेष सांगणे आहे. नववा महिना फडावरच्या कोपीत काढण्याची वेळ कोणत्याही पहिलटकरणीवर येऊ देऊ नका. तिला आधीच गावी ठेवा. ते जमलेच नाही, तर माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळ असू द्या आणि पोहोचल्याबरोबर तिथल्या आशाताईंना भेटा. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही मिळते.

टाके भरून येऊ लागल्यावर त्या मुलीने मला विचारले, "मॅडम, पुढच्या खेपेलाही असंच होईल का?" मी तिला सांगितले की एकदा वाट मोकळी झाली की दुसऱ्या वेळेला कळांचा काळ साधारणपणे बराच कमी होतो, फक्त दोन बाळांत किमान तीन वर्षांचे अंतर राहू दे, आणि तेव्हाही रुग्णालयातच ये. 102 च्या गाडीने ती माहेरी गेली. आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येऊन आई आणि बाळ दोघांनाही पाहतात. या काळात आईच्या अंगावरून जास्त जाऊ लागले, स्रावाला दुर्गंधी आली, ताप चढला, डोके असह्य दुखू लागले किंवा बाळाने दूध ओढणे सोडले, तर त्यांच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी 108 ला फोन करावा.

नमस्कार.