वायर कापलेलं बटण

या व्हायलच्या, म्हणजे छोट्या कुपीच्या, तळाशी पांढरट पापुद्रा दिसतोय ना, ते माणसाचं प्रथिन आहे. कुणाच्या अंगातून काढलेलं मात्र नाही, प्रयोगशाळेत बनवलेलं. लेबलवर लिहिलंय व्हीईजीएफ रिसेप्टर-२. व्हीईजीएफ म्हणजे रक्तवाहिन्या वाढवायचा निरोप नेणारं प्रथिन, आणि रिसेप्टर म्हणजे तो निरोप पकडणारं. त्याचंच दुसरं नाव केडीआर. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं, त्या पेशींवर हा रिसेप्टर बसलेला असतो. ऑक्सिजन कमी पडलेल्या भागातून व्हीईजीएफ सुटतं, दोन रिसेप्टरांना जवळ आणतं, आणि पेशीला निरोप जातो की नवी फांदी फुटू दे. १९९५ साली उंदरांमध्ये याचं जनुक बंद करून पाहिलं, तर गर्भात रक्तवाहिन्याच धरल्या नाहीत. दहावा दिवस उजाडायच्या आत ते गर्भ दगावले.

या व्हायलमध्ये तो रिसेप्टर अर्धाच आहे, हे मला आज सांगायचंय.

दाराची बेल डोळ्यांसमोर आणा. बाहेर बटण, भिंतीतून गेलेली वायर, आत घंटी. रिसेप्टरची साखळी १,३५६ अमिनो आम्लांची. त्यातला निम्म्याहून जास्त भाग पेशीबाहेर, सात घड्यांच्या माळेसारखा. व्हीईजीएफ मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या घडीला धरतं. मग एक धागा पेशीच्या पडद्यातून आरपार, आणि आत कायनेझ, म्हणजे निरोप पेशीत पुढे पाठवणारा भाग; तीच घंटी. पडद्यातला धागा तेलकट, पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून बनवणारे बहुतेक वेळा नुसतं बटणच बनवतात.

ते ई. कोलायमध्ये का नाही बनवत? जिवाणू स्वस्त आणि झटपट, हे खरं. पण या बाहेरच्या भागावर ठिकठिकाणी साखरेच्या साखळ्या लागतात, त्या ई. कोलायला जोडता येत नाहीत. म्हणून एचईके-२९३ सारख्या मानवी पेशी वापरतात. नेदरलँड्समधल्या लायडनला १९७३ साली या पेशी तयार झाल्या; २९३ हा तिथल्या प्रयोगाचा क्रमांक. प्रथिनाचा आकार पाहायला ते जेलमधून पळवतात, मोठं प्रथिन वर राहतं; साखरेमुळेच तिथे पट्टी हिशेबापेक्षा बरीच वर येते. ते पाहून माल खराब आहे असं समजू नका.

आता शेपटाकडे, म्हणजे बनवताना प्रथिनाच्या टोकाला मुद्दाम जोडलेल्या तुकड्याकडे, बघा. कधी हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं छोटं शेपूट असतं, कधी अँटीबॉडीचा एफसी नावाचा बुडखा. एफसी असला की रेणू जोडीने राहतात, आणि दोन हातांची पकड एका हातापेक्षा कितीतरी घट्ट भासते. तेव्हा दोन वेगळ्या शेपटांच्या व्हायलींचे बंधनाचे, म्हणजे पकड किती घट्ट त्याचे, आकडे शेजारी मांडून तुलना करू नका. हे मी कळवळून सांगतोय. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने तीन आठवडे अशाच व्हायलवर कायनेझची चाचणी लावली. बफर, म्हणजे प्रथिन ज्यात विरघळवतात ती द्रावणं, बदलले, तापमान बदललं, हाती शून्य. घंटी त्यात नव्हतीच. ऑर्डरवर सही माझी होती, आणि कुठून कुठपर्यंतची अमिनो आम्लं आहेत ते मी वाचलं नव्हतं. तिचे तीन आठवडे मला अजून लागतात.

पण वायर कापलेलं बटणही व्हीईजीएफ धरतंच, आणि धरलेलं व्हीईजीएफ खऱ्या बेलपर्यंत पोचत नाही. अफ्लिबरसेप्ट हे औषध यावरच उभं आहे: व्हीईजीएफच धरणाऱ्या भावंड रिसेप्टर-१ ची दुसरी घडी, रिसेप्टर-२ ची तिसरी, मागे एफसी. उतारवयात डोळ्याच्या पडद्याखाली गळक्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यावर डोळ्यात टोचायला २०११ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

आणि शरीर असं वायर नसलेलं बटण स्वतःही बनवतं. रिसेप्टर-१ चा असाच सुटा, बाहेरचा भाग वारेतून आईच्या रक्तात उतरतो. बोस्टनमध्ये अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ साली दाखवलं की प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक चढतो त्या आजारात, तो फार वाढतो. गाभण उंदरांच्या शरीरात तो वाढवला, तर त्यांचाही रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागलं. आज गरोदर बाईच्या रक्तात तो मोजून धोक्याचा अंदाज घेतात. मोजायच्या त्या चाचण्या बसवायलाही असंच प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन लागतं.

चला, आता ही व्हायल उघडू. आधी सेंट्रीफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्या, पावडर झाकणाला चिकटलेली असते. बफर हलक्या हाताने घाला, व्हॉर्टेक्स, म्हणजे जोरात घुसळणारं यंत्र, नको. आणि लगेच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की प्रथिनाची घडी मोडते.