नव्या रिव्हॉल्व्हरला जुनेपण देताना

मंडळी, हा १८७३च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या अमेरिकन रिव्हॉल्व्हरचा इटालियन जुळा. असे जुळे बनवणाऱ्या उबेर्ती आणि पिएत्ता या दोन्ही कंपन्या इटलीतल्या ब्रेशा परिसरातल्याच. नळी आणि सिलिंडर काळे-निळे, फ्रेमवर ढगांसारखे रंगीत पट्टे (पुढे त्यांना रंगीत ढग म्हणू), मुठीवर लालसर चकचकीत वार्निश. अमेरिकेत काउबॉय ॲक्शन शूटिंग हा जुन्या धाटणीच्या बंदुकांचा नेमबाजीचा खेळ खेळणाऱ्या अनेकांना हीच चकाकी खुपते, म्हणून सिमारॉन ही कंपनी जुनवलेल्या फिनिशमध्येही पिस्तुलं विकते. घरी तेच करायचं तर रसायनं स्वस्त आहेत. महाग पडते ती घाई.

आधी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. मग चुंबक लावा. चिकटला तर पोलाद. न चिकटला तर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची शोभेची प्रतिकृती असते. तिला पुढची कृती लागू नाही, आम्ल जस्ताला बुडबुडे काढत खातं.

घासायचं कुठे, हे ठरवणंच खरं काम. जात्याचा खुंटा आठवा. हात पडतो तिथेच तो गुळगुळीत होतो, बुडाशी नाही. तसंच इथे. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या चामडी म्यानात, ये-जा होऊन नळीचं तोंड, काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीची नळी आणि सिलिंडरच्या पुढच्या कडा उघड्या पडतात. तळहाताने मुठीमागची पट्टी झिजते. फ्रेमच्या खाचा, दांडीच्या नळीमागची सांध आणि स्क्रूच्या भोवतालचा भाग मात्र गडदच राहतो. सगळीकडे सारखा करडा झालेला नग दुरूनच खोटा कळतो.

सुटं करताना आधी सिलिंडरचा दांडा ओढून सिलिंडर काढा. मग मागच्या पट्टीचे स्क्रू: दोन घोड्याच्या (काडतुसावर आघात करणाऱ्या हातोडीच्या) मागे, एक मुठीच्या तळाशी. पट्टी सुटली की एकसंध लाकडी मूठ निघते. नंतर मुख्य स्प्रिंग, मग चापाच्या कवचाचे खालचे तीन स्क्रू, शेवटी फ्रेमच्या बाजूचे तीन. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसणारं हवं. घसरलेल्या टोकाने ओरबाडलेली खाच जुनी दिसत नाही, बिघडलेली दिसते.

स्प्रिंगा, घोड्याच्या खाचा आणि चापाचं टोक आम्लापासून दूर ठेवा. स्प्रिंगचं कडक पोलाद आम्लातला हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि मग अवचित तुटतं. नळीच्या आतला भाग रबरी बुचांनी बंद करा. सिलिंडरमधली काडतुसांची घरं आणि सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या बाहेरच्या कुलूपखाचाही ग्रीस लावून झाका, कारण तिथली मापं बदलली तर शस्त्र धोक्याचं होतं. क्रमांक आणि चाचणीचे शिक्के खोडायचे नाहीत. अमेरिकेत क्रमांक खोडणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

ॲसिटोनने तेल पुसून टाका. तेलाचा एक ठसा राहिला तरी तिथे ठिपका उमटतो. मग साधा पांढरा व्हिनेगर, ५ टक्क्यांचा, कापडाने लावा. निळाई म्हणजे मॅग्नेटाइटचा पातळ थर. आम्लाने तो सैल होतो आणि काळ्या चिखलासारखा पुसला जातो. दर ५ मिनिटांनी बघा. रंगीत ढग त्याहून लवकर जातात. विसरलात तर पोलाद खडबडीत होतं, आणि तो खरबरीतपणा काही केल्या जात नाही. लगेच लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात धुवा आणि वाळवा, नाहीतर काही मिनिटांत लाल गंज येतो.

आता थंड ब्लूइंगचं, म्हणजे न तापवता पोलादाला गडद रंग देणारं, द्रावण. त्यातलं तांबं आणि सेलेनियम पृष्ठभागावर बसतात. हा रंग मूळ निळाईपेक्षा लवकर झिजतो. एरवी तो दोष, इथे तोच गुण. कापूस फिरवा, वाळू द्या, मग बारीक स्टील वूल, चार शून्यवालं, फक्त वर सांगितलेल्या उंचवट्यांवर हलक्या हाताने चालवा. पुन्हा लावा, पुन्हा घासा. तीनचार फेऱ्या पुरेत.

खोलगट जागी काळपट तपकिरी छटा हवी असेल तर व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ घालून ओलं ठेवा. काही तासांत लाल गंज येतो. मग तुकडा शुद्ध पाण्यात १५ मिनिटं उकळा: लाल ऑक्साइड काळ्यात बदलतं आणि मीठही बरंचसं निघून जातं. ब्लीचने खड्डे पाडायचा सल्ला ऐकाल. माझं मत, नका. एखादा खड्डा खरा वाटतो, पंधरा खड्डे नाटकी. आणि ब्लीच व्हिनेगरजवळ आलं तर क्लोरीन वायू निघतो.

मुठीचं वार्निश पॉलिश कागदाने घासू नका. लाकूड धातूच्या पातळीखाली जाऊन कडा उघड्या पडतात. रंग काढणारं द्रावण वापरा. स्टील वूलचा तुकडा व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवलात की लोहयुक्त पाणी तयार होतं. मुठीच्या अक्रोडी लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला ते लागलं की लाकूड काळवंडतं. आधी मुठीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून बघा, कारण मनासारखा रंग आणि कोळसा यांत फार अंतर नसतं. वाळल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात, दोन हातांमध्ये किमान एक दिवस. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा.