नांग्या पडलेलं तास आणि सरळ रेघ

मंडळी, सकाळी येताना पांदणीला लागून पऱ्हाटीचं एक वावर पाहिलं. तासात, म्हणजे झाडांच्या ओळीत, जागोजागी नांग्या, झाड नसलेल्या मोकळ्या जागा, मधे तण माजलेलं. तरी तास कुठून कुठं जातं ते चटकन दिसलं. कॉम्प्युटरला ते दिसत नाही. त्याच्यापुढं नुसते ठिपके असतात. प्रत्येकाचा एक आडवा आकडा, एक उभा. त्यातून रेघ काढायची कशी?

युक्ती काढली पॉल हफ या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं. त्याला वावराशी देणंघेणं नव्हतं. बबल चेंबर म्हणजे कण गेले की मागं बुडबुड्यांची रेघ उमटते ते यंत्र. त्याच्या फोटोंत सूक्ष्म कणांच्या वाटा शोधायच्या होत्या. पेटंट मिळालं १९६२ साली. पण युक्ती आपल्या घरचीच आहे: मतदान!

फळ्याकडं बघा. तीन ठिपके: (१, ३), (२, ५), (४, ९). दहावीतलं आठवा, वाय बरोबर एमएक्स अधिक सी. एम म्हणजे रेघेचा चढ, सी म्हणजे ती उभ्या अक्षाला छेदते ती जागा. प्रत्येक ठिपक्यानं आपल्यातून जाऊ शकणाऱ्या सगळ्या रेघांना एकेक मत द्यायचं. चढ १ धरला तर तिघांचे सी येतात २, ३, ५. मतं फुटली. चढ ३ धरला तर ०, −१, −३. पुन्हा फुटली. चढ २ धरला की तिघांचाही सी १. तिन्ही मतं एकाच पेटीत, रेघ निवडून आली.

खरी गंमत नांग्यांची. झाड नाही तिथून मत येत नाही, पण विरोधातही पडत नाही. चार झाडं जळाली तर तासाची आघाडी घटते, तास पडत नाही. तणाची मतं दहा दिशांना पांगतात.

उभ्या रेघेला मात्र ही पद्धत अडते. तिचा चढ अनंत. पेट्या मांडणार किती? १९७२ मध्ये डूडा आणि हार्ट या संशोधकांनी चढच सोडून दिला. वावराच्या कोपऱ्यातून रेघेवर लंब टाका. तो किती लांब आणि किती अंशांत कललेला, एवढं पुरे. कोन ० ते १८० च्या आतच राहतो. वर्तुळाला तीन आकडे लागतात, केंद्राचे दोन आणि त्रिज्या. लोणारच्या विवराचा काठ असा शोधायचा तर पेट्या भरमसाट वाढतात.

मी एकदा गच्चीवरून मोबाइलनं वावराचा फोटो काढला आणि प्रोग्रॅम चालवला. सगळ्यांत जास्त मतं कोणाला? विजेच्या तारेच्या सावलीला! प्रोग्रॅम ठिपके घेत होता कडांवरून, म्हणजे फोटोत उजेड-अंधार एकदम बदलतो तिथून. मग कडा शोधणं सोडून हिरवेपणा मोजला. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात: हिरव्या आकड्याची दुप्पट, त्यातून लाल आणि निळा वजा. सावली बाद झाली, तासं आली. धुऱ्यावरचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरचं, गवतही आलं. तेही हिरवंच, सरळच.

(मागून एका काकांचा प्रश्न: "मंग धुऱ्याचा वाद मिटते का जी याच्यानं?")

काका, आज धुरा कुठून जातो ते फोटो सांगेल. पंचवीस वर्षांत कोणाच्या नांगरानं तो किती सरकवला, ते नाही सांगणार. त्याला मोजणीच आणावी लागेल, अन् तिची फी भरावी लागेल.