कावळ्याच्या घरट्यातला गिटो

हा पुतळा जरा नीट बघा. रस्त्याचं नाव ऑक्सफर्ड स्ट्रीट, पण हे लंडन नाही, साऊथ वेल्समधलं माउंटन ॲश आहे, वेल्सची राजधानी कार्डिफहून लोकलने या. लोक पिशव्या घेऊन शेजारून चाललेत, वर कुणी बघत नाही. टुरिस्ट कार्डिफच्या स्टेडियमपुढे फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात.

पुतळ्यात पळतोय तो ग्रिफिथ मॉर्गन, इथला दंतकथा झालेला धावपटू, जन्म 1700 चा. लोकांसाठी गिटो नीथ ब्रान. नीथ ब्रान हे त्यांच्या शेताचं नाव, अर्थ कावळ्याचं घरटं.

हे डोंगर, ह्या मेंढ्या, इथेच पळायला शिकला. मेंढ्या हाकून आणायला पाठवलं तर कळपात एक ससा पण घेऊन आला, म्हणे पळूनच पकडला! आईने चुलीवर पाणी ठेवून पाँटीप्रिदला पिटाळलं, जाऊन-येऊन सातेक मैल, तर हा पाणी उकळायच्या आत घरी. शर्यतीच्या आधी शेणखताच्या ढिगावर झोपायचा, उबेने पाय मोकळे होतात म्हणून. यात मीठमसाला किती ते तुम्हीच ठरवा, आम्हाला तर सगळंच आवडलं. शर्यती जुळवणं, पैजा लावणं हे काम शानचं, म्हणजे दुकानवाली शान, त्याचं तिच्यावर प्रेम होतं.

1737 ला न्यूपोर्ट ते बेडवस, 12 मैल, समोर प्रिन्स नावाचा इंग्लिश धावपटू, शेवटी चढ. गिटो जिंकला, वेळ 53 मिनिटं सांगतात, आणि हे खरं असेल तर आजच्या हाफ मॅरेथॉनच्या जागतिक विक्रमाच्या जवळपासचा वेग झाला, तोही त्या काळच्या रस्त्यांवर. शानने आनंदाने पाठीवर जोरात थाप मारली, तो कोसळला, गेला.

हे लानविन्नोचं चर्च, चारी बाजूंनी झाडी, आणि ही त्याची कबर.

इथल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, खोऱ्यातली कामं गेली. पण 1958 ला बर्नार्ड बाल्डविन या माणसाने गिटोच्या आठवणीत माउंटन ॲशमध्ये नॉस गॅलन शर्यत सुरू केली, नॉस गॅलन म्हणजे 31 डिसेंबरची रात्र. दरवर्षी एक नामवंत खेळाडू येतो, नाव शेवटपर्यंत गुपित, आधी या कबरीवर फुलं वाहायची आणि मग मशाल घेऊन गावात. पहिल्या वर्षी आले टॉम रिचर्ड्स, 1948 च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमधले रौप्यविजेते.

त्या रात्री पुतळ्याचा हा ऑक्सफर्ड स्ट्रीट माणसांनी भरलेला असतो. आज साधा कामाचा दिवस आहे. पाऊस थांबलाय, गिटोच्या कोपरावरून अजून पाणी गळतंय.