नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

बँकेत मुदतठेव ठेवताना, पोस्टात खाते उघडताना किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासद होताना आपण नामनिर्देशनाच्या रकान्यात पत्नीचे, पतीचे किंवा मुलाचे नाव लिहितो आणि आपल्यामागे कुणाची ओढाताण होणार नाही, असे समजून निर्धास्त होतो. आज मला मुख्यतः याच समजाविषयी बोलायचे आहे. त्या रकान्यात लिहिलेली व्यक्ती साधारणपणे पैसे स्वीकारण्यापुरती आणि ते खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवण्यापुरती नेमलेली असते. केवळ नाव लिहिल्याने ती मालक होत नाही.

या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल मराठी माणसाला परिचित असलेल्या नावाशी जोडलेला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे 2013 साली निधन झाले. त्यांनी मृत्युपत्र केले होते आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमलेले होते. नामनिर्देशनामुळे त्या गुंतवणुकी नॉमिनीच्याच मालकीच्या होतात का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला, की कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनही वारसाहक्काला बाजूला सारू शकत नाही. जिथे मृत्युपत्र होते तिथे ही स्थिती, तर ज्या घरांत मृत्युपत्रच नाही तिथे काय होत असेल, याची कल्पना करावी.

समजा, एका गृहस्थाने स्वकष्टाच्या पैशातून सदनिका घेतली, पत्नीला नॉमिनी केले आणि मृत्युपत्र न करताच तो गेला. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे त्याची पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असल्यास आई, हे सारे समान वाटेकरी होतात. मुलीचे लग्न झाले आहे की नाही याने काहीच फरक पडत नाही. आईला वाटा आहे आणि पहिल्या वर्गातले हे वारस असताना वडिलांना नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, पण कायदा तसा आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातही 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूद आहे. कायमचा हक्क कोणाचा, ते मृत्युपत्रावरून, वारस दाखल्यावरून किंवा वारसांनी आपसांत केलेल्या लेखी व्यवस्थेवरून ठरते. राहते घर पत्नीलाच मिळावे अशी इच्छा असेल, तर ती मृत्युपत्रात लिहावी लागते.

मृत्युपत्र करणे लोक समजतात तितके अवघड नाही. त्याला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो आणि नोंदणीही सक्तीची नाही. मात्र पुढे कोणी खरेखोटेपणाची शंका काढू नये म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेली बरी. सही दोन साक्षीदारांसमोर झाली पाहिजे आणि त्यांनीही त्यावर सह्या केल्या पाहिजेत. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत आणि ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे असे नसावेत. वय झालेले असेल तर, शुद्धीवर आणि समजून सही केल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच दिवशी जोडून घ्यावे. हे सारे मी हिंदू कुटुंबांपुरते सांगतो आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, आणि गोव्यात तर निम्मी मालमत्ता मुलांसारख्या निकटच्या वारसांसाठी कायद्यानेच राखून ठेवलेली असते.

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. ‘आताच नावावर करून टाका, नंतर कटकट नको’ असे मुलांनी म्हटले आणि घर लिहून दिले, की ते गेले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, परंतु ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली नसेल तर वादाला तोंड फुटते. माझे मत विचाराल तर, राहते घर हयातीत कोणाच्याही नावावर करू नये.

आता निवृत्तिवेतनाकडे वळू. इथे घोळ होतो तो बहुधा नावांचा. सेवापुस्तकात ‘सुमनबाई’, आधार कार्डावर ‘सुमन’, बँकेत माहेरचे नाव आणि जन्मतारीख तिन्हीकडे वेगळी, अशी स्थिती असेल, तर पती गेल्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्यासाठी त्या बाईंना प्रतिज्ञापत्रे घेऊन खेटे घालावे लागतात. पतीच्या हयातीत हेच काम एका अर्जाने होते. म्हणून पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, काढून पाहावा, त्यात जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख आहे का ते तपासावे आणि त्याची एक प्रत जोडीदाराच्या हाती द्यावी. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना जोडीदारासोबतच्या संयुक्त खात्यात पेन्शन घेता येते आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच खात्यात सुरू राहू शकते.

भविष्य निर्वाह निधीचे आणखी एक ध्यानात ठेवावे. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन, कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द ठरते. लग्नाआधी नोकरीला लागताना भावाचे नाव देऊन ज्यांनी पुढे तो अर्ज पुन्हा पाहिलाच नाही, त्यांनी तो आता पाहावा. बँक ठेवींसाठी 1 नोव्हेंबर 2025 पासून चार व्यक्तींपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. तरीही मालकी कोणाची हे त्याने ठरत नाही.

हयातीचा दाखला सरकारी निवृत्तिवेतनधारकांनी साधारणपणे नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, तर ईपीएस-95 च्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या, पेन्शनरांना तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. अंगठ्याचे ठसे पुसट झाल्याने यंत्र दाद देत नसेल, तर मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे. घरातल्या नातवंडाला शेजारी बसवले तर काम लवकर होते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी पोस्टमनला घरी बोलावून, थोडे शुल्क देऊन, दाखला करून घेता येतो.