विंडसर काउंटीच्या दफनभूमींतले राज्यकर्ते

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात, कनेक्टिकट नदीच्या पश्चिम काठाला लागून, विंडसर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा, असे आपण समजतो; परंतु व्हरमाँटमध्ये न्यायालय आणि शेरीफ यांच्यापलीकडे काउंटीच्या हाती फारसे काही नसते, आणि रस्त्यांपासून दफनभूमीपर्यंतचा खरा कारभार ज्याचे त्याचे गाव पाहते. डोंगर, मेपलची राने, दुभत्या गाईंचे गोठे आणि विखुरलेली लहान गावे असलेल्या या काउंटीची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ५८ हजारांच्या आत होती. एवढ्या मुलखात अमेरिकेचे एक राष्ट्राध्यक्ष, एक परराष्ट्रमंत्री, टपालखात्याचे एक मंत्री, एक ॲटर्नी जनरल, सिनेटचे सभासद आणि राज्याचे गव्हर्नर मातीआड विसावले आहेत. राजधानीत कितीही मोठे पद मिळाले, तरी या माणसांवरचा गावाचा हक्क सुटला नव्हता, असे मला या थडग्यांकडे पाहताना वाटते, आणि त्याचे कारण तिथल्या राजकारणाच्या घडणीतच आहे.

प्लिमथ नॉच या खेड्यापासून सुरुवात करू. अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा जन्म इथे ४ जुलै १८७२ रोजी झाला. १९२३च्या उन्हाळ्यात, उपराष्ट्राध्यक्ष असताना, ते वडिलांच्या घरी सुटीसाठी आले होते. २ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे निधन झाले आणि ती बातमी मध्यरात्री या घरी येऊन पोहोचली. घरात टेलिफोन नव्हता, वीज नव्हती. पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, वडिलांनी मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. कारण वडील जॉन कूलिज हे नोटरी पब्लिक होते. हे वडील स्वतःही राजकारणीच होते. गावातली लहानमोठी पदे सांभाळत ते राज्याच्या विधिमंडळापर्यंत पोहोचले होते. मुलाचे राजकारण या घरात, गावच्या करआकारणीच्या आणि रस्तेदुरुस्तीच्या बोलण्यातून सुरू झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सारे नीट उमगते.

पुढच्याच वर्षी या कुटुंबावर मोठे दुःख कोसळले. धाकटा मुलगा कॅल्विन व्हाइट हाउसच्या मैदानावर पायमोजे न घालता टेनिस खेळला, बोटाला फोड आला, त्यातून रक्तात विषबाधा पसरली आणि ७ जुलै १९२४ रोजी, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, तो गेला. प्रतिजैविके अजून हाती आलेली नव्हती; देशातले उत्तमोत्तम डॉक्टर उशाशी असूनही काही करता आले नाही. त्याला प्लिमथला आणून पुरले. तो गेला तेव्हा अध्यक्षपदाचे सामर्थ्य आणि वैभवही त्याच्याबरोबर गेले, असे कूलिज यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ५ जानेवारी १९३३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांनाही याच टेकडीच्या उतारावर, वडील आणि मुलगा यांच्या शेजारी आणले गेले. त्यांच्या ग्रॅनाइटच्या शिलेवर नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख आणि वर राष्ट्राध्यक्षांची मुद्रा, एवढेच कोरले आहे. ती मुद्रा नसती, तर ओळीतल्या बाकीच्या कूलिजांपासून ही शिला वेगळी ओळखूही आली नसती. दर वर्षी ४ जुलैला त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांच्या वतीने इथे पुष्पचक्र वाहिले जाते.

या दफनभूमी सांभाळते कोण, हेही सांगायला हवे. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते, गावाचे अंदाजपत्रक तिथे मांडले जाते आणि पुष्कळ गावांत दफनभूमीची देखरेख करणारे आयुक्तही मतदारच निवडून देतात. गवत कापणे, कललेल्या शिला सरळ करणे, जागा नेमून देणे ही त्यांची कामे. जुन्या शिलांपैकी पुष्कळ संगमरवराच्या आहेत आणि आम्लयुक्त पावसाने संगमरवर झिजत जातो, त्यामुळे अक्षरे पुसट होत चालली आहेत. एखाद्या सिनेटरच्या शिलेची निगा गावाने निवडलेली माणसे राखतात, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

विंडसर गावच्या ॲस्कटनी दफनभूमीत विल्यम एव्हर्ट्स आहेत. जन्म बॉस्टनचा, वकिली न्यूयॉर्कची. १८६८ साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला तेव्हा बचावपक्षाचे ते एक प्रमुख वकील होते आणि दोनतृतीयांश बहुमताला एक मत कमी पडल्यामुळे जॉन्सन वाचले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष हेस यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले, न्यूयॉर्कचे सिनेटर झाले आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी वर्गणी जमवणाऱ्या अमेरिकन समितीचे ते अध्यक्षही होते. १९०१ साली त्यांचे निधन न्यूयॉर्कमध्ये झाले, पण दफन विंडसरला झाले. कारण विंडसर ही त्यांची सासुरवाडी होती आणि तिथेच त्यांनी आपले उन्हाळ्याचे घर केले होते.

वुडस्टॉकला जेकब कॉलमर आहेत. ते राष्ट्राध्यक्ष टेलर यांचे टपालमंत्री आणि नंतर सिनेटर होते. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हरमाँटच्या वतीने जे दोन पुतळे आहेत, त्यांतला एक त्यांचा. लडलो गावी कूलिज यांचे ॲटर्नी जनरल जॉन सार्जंट आहेत. सार्जंट आणि कूलिज हे दोघेही लडलोच्या ब्लॅक रिव्हर ॲकॅडमीचे विद्यार्थी.

स्प्रिंगफील्डच्या राल्फ फ्लँडर्स यांच्याविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे. ते मूळचे यंत्रांचे माणूस. स्प्रिंगफील्डच्या यंत्रअवजारांच्या कारखान्याचे प्रमुख. १९४६ साली ते सिनेटमध्ये आले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवून एकेकाला उद्ध्वस्त करत होते आणि भले भले गप्प होते, तेव्हा त्याच रिपब्लिकन पक्षाचे असूनही फ्लँडर्स यांनी १९५४ साली त्यांच्याविरुद्ध ठराव आणला. त्याच वर्षी २ डिसेंबरला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींचा निषेध केला. माझ्या मते या काउंटीत विसावलेल्या सर्व राजकारण्यांत हे धैर्य सर्वांत वरचे आहे, राष्ट्राध्यक्ष धरूनही. १९७० साली फ्लँडर्स वारले, तेही स्प्रिंगफील्डमध्येच.

एक माणूस मात्र या मातीत नाही. जॉर्ज पर्किन्स मार्श १८०१ साली वुडस्टॉकला जन्मले, काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकन संसदेचे, सभासद झाले आणि १८६१पासून १८८२पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, इटलीत अमेरिकेचे राजदूत होते. माणूस जंगले तोडतो तेव्हा जमीन, पाणी आणि हवामान यांचे काय होते, हे त्यांनी १८६४ साली सविस्तर मांडले, आणि त्या विचाराचे मूळ वुडस्टॉकच्या उघड्याबोडक्या झालेल्या टेकड्यांत होते. त्यांचे दफन रोमच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत झाले. वुडस्टॉकला त्यांचे बालपण गेलेले घर आणि त्यामागची, नंतरच्या मालकांनी पुन्हा झाडे लावून उभी केलेली वनराई १९९२ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाली, आणि त्या उद्यानाच्या नावात पहिले नाव मार्श यांचे आहे.